न दिलेला चेहरा



नियम म्हटला की आपल्या अंगावर काटा येतो. यायलाच पाहिजे. कुठल्या विहिरीवर जायचं नाही, कुठल्या वाटेनं चप्पल घालून चालायचं नाही, बाईनं कुठला दागिना घालायचा नाही, पोरानं मिशीला पीळ द्यायचा नाही – हे सगळे नियमच होते, आणि काही गावांत अजून आहेत. ते आपण केले नव्हते. ज्यांनी केले त्यांना ते पाळावे लागत नव्हते. म्हणून कुणी हौसेनं स्वतःच्या गळ्यात नियम अडकवून घेतो म्हटलं की मला पहिला संशय येतो. उपास आणि उपासमार. बाहेरून बघितलं तर दोन्हीत ताट रिकामंच. एकाला संध्याकाळी फराळ आहे, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक.

मला बोलायचंय ते फोटोच्या नियमांबद्दल. हसू नका. फोनच्या जमान्यात रोलचा कॅमेरा परत आलाय. पैसेवाल्या घरची पोरं जुन्या बाजारातून कॅमेरे शोधून काढतात, हजाराच्या घरात पैसे मोजून छत्तीस फोटोंचा एक रोल घेतात आणि रस्त्यावर हिंडतात. माणसाला कळू न देता त्याचा फोटो काढायचा. इंग्रजीत त्याला कँडिड म्हणतात. आपण बेसावध फोटो म्हणू.

एका रविवारी अशी दहाबारा पोरंपोरी आमच्या सूतगिरणीच्या गेटासमोर उभी राहिली. पाळी सुटायची वेळ. रिंग खात्यातून माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापूस बसलेला असतो. गेटाबाहेर आल्यावर तो झटकायचा, तोंडावर पाणी मारायचं, मग घरी. ही मंडळी झटकायच्या आधीचा माणूस टिपत होती. चहाच्या गाड्यावर त्यातल्या एकाशी बोलणं झालं. चांगला मुलगा होता. त्यानं त्यांचे नियम सांगितले. रोल काळापांढराच. लेन्स एकच, पन्नासची. फ्लॅश नाही. फोटो नंतर कापायचा नाही, म्हणजे क्रॉप नाही. माणसाला उभं करायचं नाही. एका जागी दोन फोटो नाहीत. माझ्याबरोबरचा पन्नाशीतला कामगार ऐकून घेत होता. तो म्हणाला, "लय नियम हायत की. पण त्यातला आमच्यासाठी कुठला?"

पोरगा गप्प झाला. प्रश्न त्याच्यासाठी नवा होता. माझ्यासाठीही नवाच होता, म्हणून मी त्याच्या मागं लागलो. वाचनालय, जुनी मासिकं, फोनवर सापडेल ते. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढं ठेवतोय.

हे नियम आले कुठून? बरेचसे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसाकडून. लायका नावाचा छोटा कॅमेरा, त्याला जवळजवळ कायम पन्नासची लेन्स. कॅमेऱ्याचा चकचकीत भाग तो काळ्या टेपनं झाकायचा, म्हणजे कुणाच्या डोळ्यात भरायला नको. फ्लॅश वापरायचा नाही. छापताना अख्खी निगेटिव्ह छापायची, कडेनं कापायची नाही. पुढं त्याच्या मागून चालणाऱ्यांनी याचा धर्मच केला. एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह धरणारी जी पत्र्याची चौकट असते, तिचं भोक कानशीनं घासून जरा मोठं करायचं. म्हणजे निगेटिव्हच्या बाहेरची कोरी फिल्मही छापली जाते आणि फोटोभोवती काळी रेघ येते. ती रेघ म्हणजे दाखला. बघा, मी काहीही कापलेलं नाही.

मला त्या कानशीचं कौतुक वाटतं. हातानं काम करणाऱ्या कुणालाही वाटेल. पण दाखला कसला? कापायचं ते माणूस बटण दाबायच्या आधीच कापतो. चौकटीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हे डोळ्याला कॅमेरा लावतानाच ठरतं. शंभर वर्षं आपल्याला बाहेर ठेवून गावाचे फोटो निघाले, त्यातला एकही क्रॉप केलेला नसेल. काळी रेघ एवढंच सांगते की फोटोवाला फोटोशी इमानदार होता. माणसाशी होता का, हे रेघ सांगत नाही.

आणि खुद्द त्या बाबाचा सगळ्यात गाजलेला फोटो घ्या. १९३२ साल, पॅरिसचं साँ-लाझार स्टेशन, त्याच्या मागं साचलेलं पाणी आणि त्यावरून उडी मारणारा माणूस. हा फोटो त्यानं कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून काढला. फळी आड येत होती, म्हणून निगेटिव्ह कापूनच छापावी लागली. मी हे त्याला पकडायला सांगत नाही. चांगला फोटो कापलाच पाहिजे तर माणूस कापतो, एवढंच.

त्याचं पुस्तक १९५२ साली निघालं. इंग्रजीत त्याचं नाव 'निर्णायक क्षण' अशा अर्थाचं. केवढं भारदस्त! पण मूळ फ्रेंच नाव वेगळं आहे. परवाना नसलेला फेरीवाला रस्त्यावर फडकं पसरतो आणि पोलीस दिसला की गाठोडं उचलून पळतो, तसल्या चोरट्या घाईला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तो या नावात आहे. म्हणजे चोरून, घाईघाईनं घेतलेली चित्रं. मूळ नाव खरं बोलत होतं. भाषांतरात चोरी गेली आणि तत्त्वज्ञान आलं. हे आपल्याकडंही होतं. संस्कृतात नेलं की कुठल्याही गोष्टीला सोवळं चढतं.

अजून एक. हा माणूस आयुष्यभर लोकांचे चेहरे न विचारता घेत हिंडला, पण स्वतःचा चेहरा कुणाला घेऊ द्यायचा नाही. १९७५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठानं त्याला मानाची पदवी दिली, तेव्हा फोटो नको म्हणून त्यानं तोंडापुढं कागद धरला. कारण उघड आहे. ओळखीचा झाला की रस्त्यावर त्याला लपता येणार नव्हतं. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच. पण तोंडापुढं धरायला कागद असणं, आणि कागद धरला तर लोकांनी त्याला लहर म्हणून हसून सोडून देणं, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. आमच्या गेटावर कुणी तोंडापुढं डबा धरला असता तर तोच फोटो सगळ्यात भारी ठरला असता.

इथं बाबासाहेबांकडं जायला लागतं. १९३६ सालचं 'जातिप्रथेचे विध्वंसन', लाहोरला न झालेलं भाषण. तुम्ही वाचलंय. नाही वाचलं तर हा लेख इथंच सोडा आणि ते वाचा. त्यात त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केलाय. नियम सांगतो, हे कर, ते करू नको. तत्त्व तसं सांगत नाही. तत्त्व माणसाच्या हातात तोलायचा काटा देतं आणि तोलायचं काम त्याच्यावर टाकतं. नियम पाळणारा म्हणू शकतो की मी सांगितलं तसं केलं, पुढचं मला माहीत नाही. तत्त्वानं चालणाऱ्याला तसं म्हणता येत नाही, जबाबदारी त्याचीच राहते. धर्म नुसत्या नियमांचा झाला की जबाबदारी मरते, हा त्यांचा मुद्दा.

ते हिंदू धर्माबद्दल बोलत होते, मी कॅमेऱ्याबद्दल बोलतोय. पण काटा तोच लावून बघू. पन्नासची लेन्स, फ्लॅश नाही, क्रॉप नाही – हे नियम आहेत. चांगले नियम आहेत. हात स्थिर होतो, डोळा तयार होतो, चार गोष्टींचा मोह सुटतो. एकच लेन्स असली की जवळचा फोटो हवा तर पायानं जवळ जावं लागतं, लांबून दुर्बिणीनं ओढून घेता येत नाही. जवळ गेलं की समोरचा बघतो. म्हणजे या नियमात नकळत थोडं माणूसपण आहे. आमच्या वस्तीतल्या दोस्ताकडं जुना रशियन झेनिट आहे. त्याचा आवाज एवढा मोठा की बटण दाबलं की म्हशीसुद्धा मान वर करतात. त्याला चोरून फोटो काढताच येत नाही. दुसरी लेन्स परवडत नाही म्हणून त्याच्याकडं एकच आहे. त्यांच्यासाठी जो नियम, ती त्याची परिस्थिती. फोटोत फरक दिसत नाही, ही गंमत.

पण नियमाला मी एकच प्रश्न विचारतो. त्याची किंमत कोण भरतो? काढणारा, की निघणारा?

१९४६ साली 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट बाई पुण्यात गांधींचा चरख्याजवळचा फोटो काढायला आल्या. त्यांना सांगण्यात आलं, आधी सूत कातायला शिका. शिकावं लागलं. मग सांगितलं, आज मौनवार आहे, बोलायचं नाही. आणि उजेडाचा त्रास होतो, म्हणून फ्लॅशचे बल्ब फक्त तीन. एवढ्या मोठ्या मासिकाची बाई, पण सगळे नियम समोरच्याचे, आणि तिनं ते पाळले. सूत कातून मिळालेला फोटो. मी आठ तास सूत कातणाऱ्या मशीनवर उभा असतो, माझा फोटो काढायला कुणाला काही शिकावं लागत नाही. गांधींवर माझा राग यासाठी नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती तुम्हाला माहीत आहेत. मुद्दा असा की समोरचा मोठा असला की नियम तो घालतो. समोरचा लहान असला की नियम फोटोवाला घालतो, तोही स्वतःला, आणि वर त्याचं कौतुक होतं.

उलट टोक बघा. १९१६, न्यूयॉर्क. पॉल स्ट्रँड नावाच्या तरुणानं रस्त्यावर उभ्या असलेल्या एका आंधळ्या बाईचा फोटो काढला. गळ्यात पाटी – आंधळी. कॅमेरा असा की तोंड एकीकडं आणि फोटो दुसरीकडचा. कुणाला कळू नये म्हणून केलेली ही युक्ती त्यानं वापरली ती जिला दिसतच नाही तिच्यावर. फोटोच्या इतिहासाच्या पुस्तकांत तो फोटो आहे. बाईचं नाव त्याच्याखाली नाही.

वॉकर इव्हान्सनं १९३८ ते १९४१ न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे फोटो काढले. कॅमेरा कोटाच्या आत, लेन्स दोन गुंड्यांच्या मधून बाहेर, बटणाची तार बाहीतून हातात. डोळा लावायचा नाही, फ्लॅश नाही, उजेड आहे तेवढाच. इथं बंधनांची कमाल आहे. त्यानं स्वतःला जवळजवळ आंधळं करून घेतलं. आणि फोटोत माणसं खरोखर एकटी बसलेली दिसतात, दिवसभर घातलेला मुखवटा उतरवून. मला ते फोटो आवडतात. आवडतात म्हणूनच त्रास होतो. मधे काही तुरळक छापले, पण पुस्तक निघालं १९६६ साली, पंचवीस वर्षांनी. एवढं थांबण्यात लाज होती की सावधपणा, ते त्याचं त्याला माहीत. पण एवढं खरं की थांबण्याची किंमत त्यानं भरली, प्रवाशांनी नाही. तेवढा नियम मी माणसासाठीचा धरतो.

आता मूळ प्रश्नाला हात घालतो. १४ ऑक्टोबर १९५६ पासून आपण पंचशील म्हणतो. पाठ आहे, झोपेतही म्हणू. त्यातलं दुसरं शील. आपण त्याचा अर्थ चोरी करू नये असा सांगतो आणि पुढं जातो. पण पाली शब्द बघा – अदिन्नादान. अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. न दिलेलं घेणं. चोरीपेक्षा हा शब्द मोठा आहे. कुलूप फोडलं नाही, खिसा कापला नाही, समोरच्याचं काही कमी झालं नाही, तरी दिलेलं नव्हतं आणि घेतलं. आणि शील म्हणजे आज्ञा नव्हे. मी ते उचलतो, शिकण्यासाठी उचलतो. कुणी लादत नाही. स्वतःला घालून घेतलेलं बंधन म्हणजे काय याचा आपल्याजवळचा सगळ्यात चांगला नमुना हाच आहे.

मग बेसावध फोटो हे अदिन्नादान आहे का? गेटाबाहेर आलेला माणूस भुवयांवरचा कापूस झटकून, तोंड धुऊन जो चेहरा घेऊन घरी जातो, तो त्याचा दिलेला चेहरा. त्याच्या आधीचा चेहरा त्यानं दिलेला नव्हता.

'मग विचारून काढा' असं म्हणणं सोपं आहे. विचारलं की काय होतं, तुम्ही बघितलंय. आजी पदर सारखा करते. मामा छाती काढतो. कडेवरच्या पोराचं नाक पुसलं जातं. मग सगळे लाकडासारखे उभे. पांढरपेशे याला हसतात, फोटो बिघडला म्हणतात. मी हसत नाही. त्या ताठ उभं राहण्यामागं इतिहास आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. जातीजमातींचे फोटो, खाली जातीचं नाव आणि स्वभावाचं वर्णन. किडे टाचणीला लावून ठेवतात तसे. आपले लोक स्वतः पैसे मोजून स्टुडिओत गेले, इस्त्रीचा सदरा घालून, हातात पुस्तक धरून बसले, तेव्हा पहिल्यांदा चेहरा त्यांनी दिला. बाबासाहेबांचा सूट, टाय आणि पुस्तक घराघरात भिंतीवर आहे ते उगाच नाही. सावध फोटो ही आपली कमाई आहे.

पण तेवढ्यावर थांबलं तर एक गोष्ट हातून जाते. बेसावध असणं ही चैन आहे. जो सुरक्षित आहे तोच बेसावध राहू शकतो. आपल्या माणसाला गावात, ऑफिसात, कॉलेजच्या होस्टेलवर, भाड्याची खोली शोधताना, सगळीकडं सावध राहावं लागतं. आडनाव सांगतानासुद्धा. म्हणून आपलं माणूस बेसावध हसताना, पाय पसरून बसलेलं, कुणाच्या खांद्यावर डोकं टाकलेलं – हे दृश्य जगानं फार बघितलेलंच नाही. जगाला आपण दोनच रूपांत माहीत. मोर्चात ओरडताना, आणि बातमीत पांढऱ्या कापडाखाली.

ज्यांच्या नावावरून १९७२ साली आपल्याकडं पँथर आली त्यांच्यातला एक फोटोवाला मला इथं उपयोगी पडला. रॉय डिकरावा. १९१९ ला हार्लेममध्ये जन्मला, २००९ ला वारला. १९५२ साली त्याला गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, ती मिळालेला तो पहिला काळा फोटोवाला. १९५५ साली कवी लँग्स्टन ह्यूजनं त्याच्या फोटोंभोवती मजकूर रचला आणि हार्लेमच्या घरांचं एक पुस्तक झालं. स्वयंपाकघर, नाचणारी माणसं, बापाच्या मांडीवरचं पोर. डिकरावाही फ्लॅश वापरायचा नाही. नियम तोच, पण कारण ऐका. त्या घरांत उजेड कमी होता आणि माणसं काळी होती. फ्लॅश मारला तर घर खोटं होतं, माणूस चकचकीत होतो. त्यानं अंधार ठेवला आणि अंधारातच बारीकबारीक करड्या छटा काढल्या, म्हणजे काळा चेहरा काळा राहूनही पूर्ण दिसावा. १९५३ चा त्याचा एक फोटो तर नुसत्या अरुंद, अंधाऱ्या बोळाचा आहे. माणूसच नाही. पण ज्यानं चाळीत दिवस काढलेत त्याला त्या बोळाचा वाससुद्धा येईल. फ्रेंच बाबाचा आणि याचा नियम एकच, पण एकाचा चोरी लपवतो आणि दुसऱ्याचा माणसाला जपतो. म्हणून नुसता नियम विचारू नका. तो कुणाच्या बाजूनं उभा आहे ते विचारा.

हे उजेडाचं प्रकरण तुमच्यापैकी ज्यांच्या हातात कॅमेरा आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो, कारण इथं नीती आणि तंत्र एकच होतात. कॅमेऱ्यातल्या मीटरला जगातली प्रत्येक गोष्ट मधल्या करड्या रंगाची वाटते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जा. लाखो माणसं, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, वर दादरचं ऊन. मीटर तो पांढरा रंग बघून घाबरतो आणि उजेड कमी करतो. फोटो येतो तेव्हा साड्या छान करड्या आणि चेहऱ्यांच्या जागी काळी भोकं. मीटरलाही जात असते म्हणा ना. कोडॅकच्या रंगीत छपाईसाठी लॅबना जे नमुन्याचं कार्ड जायचं, त्यावरही कित्येक वर्षं गोरी बाईच असायची आणि रंग तिच्या कातडीवर बेतले जायचे. उपाय साधा आहे. माप चेहऱ्यावरून घ्यायचं. जवळ जाता येत नसेल तर त्याच उन्हात स्वतःचा तळहात धरायचा, त्यावरून माप घ्यायचं आणि आणखी एक घर उजेड वाढवायचा, कारण आपला तळहात चेहऱ्यापेक्षा उजळ असतो. साडी पांढरीफटक झाली तर होऊ दे. निगेटिव्हवर जास्तीचा उजेड छापताना बराच सावरता येतो, पण जे उमटलंच नाही ते कुणाच्या बापाला काढता येत नाही. चेहऱ्यासाठी माप, कापडासाठी नाही. स्वतःला घालून घ्यावा असा हा एक नियम मला पटतो. त्याची किंमत फोटोच्या देखणेपणातून जाते, माणसाच्या चेहऱ्यातून नाही.

आता रोलची खरी अडचण. फोनवर फोटो काढला आणि कुणी हरकत घेतली, तर पुसून दाखवता येतो. त्याच्यासमोर. हिशेब मिटला. रोलवर पुसता येत नाही. छत्तीस फोटो एकाच पट्टीवर. मागचं झाकण उघडलं तर त्याचा एकच नाही, दुसऱ्यांचेही जळतात. मग काय देणार? नुसता शब्द. 'दादा, मी हा छापणार नाही.' आणि तो शब्द तपासायला कुणी येणार नाही. रात्री न्हाणीत दार लावून, फटींना गोधडी लावून तू एकटा रोल धुतोस. हायपोतून पट्टी वर काढतोस आणि बघतोस तर नेमका तोच फोटो सगळ्यात चांगला आलाय. नेहमी तसंच होतं, कारण माणूस हरकत घेतो ते तू काहीतरी खरं पकडलेलं असतं म्हणूनच.

आमच्या खात्यात रिंग फ्रेमच्या वर कॅमेरा बसवलाय. आठ तास तो बघतो. कुणी विचारलं नाही, आणि त्यात काय दिसतं ते आम्हाला कधी दाखवलं नाही. मी किती वेळा पाणी प्यायला गेलो ते तो मोजतो. त्याच्यापुढं मी नियम पाळतो ते पगार कापतील म्हणून. त्याला मी नीती म्हणत नाही. न्हाणीतल्या अंधारात, जिथं कुणीच बघत नाही, तिथं पाळलेला शब्द ही वेगळी गोष्ट आहे. मनूच्या माणसांना ती कधी कळली नाही, कारण त्यांचे नियम दुसऱ्यावर पहारा ठेवण्यासाठीच होते.

कायदा इथं मदतीला येत नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये डिकॉर्शिया नावाच्या फोटोवाल्यानं १९९९ ते २००१ दरम्यान येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे लांबून, लपवलेल्या दिव्यांच्या उजेडात टिपले. त्यातल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थानं २००५ साली खटला भरला. माझ्या धर्मात हे चालत नाही, आणि माझा चेहरा तुम्ही हजारो डॉलरला विकलात. २००६ साली कोर्टानं सांगितलं, ही कला आहे, कलेला स्वातंत्र्य आहे. म्हातारा हरला. कलेच्या स्वातंत्र्यासाठी आपणही भांडतो, तेव्हा कोर्ट चुकलं असं मी चटकन म्हणणार नाही. कायद्यानं एवढंच सांगितलं की घेतलंस तर शिक्षा नाही. दिलेलं होतं का, हे त्यानं विचारलंच नाही.

मग काय, आपणच एक कडक यादी करून टाकू? झोपलेल्याचा फोटो नाही, जेवणाऱ्याचा नाही, गटारात उतरलेल्याचा नाही? शिबिरात मांडली तर टाळ्या पडतील. पण सुधारक ओलवे यांचं काम आठवा. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये ते वर्षानुवर्षं वावरले. कचऱ्यात, मैल्यात उतरलेली माणसं त्यांनी काळ्यापांढऱ्यात दाखवली, त्यांची घरं दाखवली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती बाजूला ठेवा. 'गटारातल्या माणसाचा फोटो नाही' हा नियम त्यांनी पाळला असता तर सोय कुणाची झाली असती? १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला, आणि तरी माणसं गटारात मरतात. ज्यांना हे दिसू द्यायचं नाही त्यांची सोय झाली असती. नियम दिसायला दयाळू आणि फायदा मालकाचा. बाबासाहेब नियमाला घाबरा म्हणत होते ते यासाठीच. रविवारी तासाभरासाठी गेटावर येणारा आणि वर्षानुवर्षं त्या माणसांत बसणारा, दोघांचा फोटो कदाचित एकसारखा दिसेल. हाताला काय लागलंय ते वेगळं असतं.

झेनिटवाल्या दोस्ताचा एक तिढा सुटलेला नाही, तो तुमच्यापुढं टाकतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत त्यानं आमच्या वस्तीतल्या एका वहिनीचा फोटो काढला. दिवसभर लोकांच्या घरी भांडी घासणारी बाई, कधी मान वर करून न बोलणारी. निळ्या झेंड्याखाली पदर खोचून नाचत होती, तोंड उघडं, डोळे मिटलेले. खटाक आवाज झाला तशी ती थांबली. जवळ येऊन म्हणाली, "भाऊजी, छापू नगा. सासरचं बगतील." यानं शब्द दिला. रोल धुतला. तो फोटो आलाय, आणि आजवर त्यानं काढलेल्यांत तोच एक फोटो आहे, ज्यात आपलं माणूस खरोखर बेसावध आहे.

यावर आमच्यात तीन रात्री भांडण झालं. एकजण म्हणतो, कात्रीनं तेवढा तुकडा कापून जाळ, म्हणजे शब्द पुरा झाला. दुसरा म्हणतो, शब्द न छापण्याचा होता, जाळण्याचा नव्हता. दहा वर्षांनी तीच येऊन मागेल, तेव्हा काय देशील? तिसरी, आमच्यातली कार्यकर्ती, म्हणते, तुम्ही तिघं बसून तिच्या चेहऱ्याचं काय करायचं ते ठरवताय, तिला बोलवलंय का? बोलवायचं तर ती आता वस्तीत नाही. मोठ्या पोराच्या कामामुळं ते बिऱ्हाड हलवून गेले.

दोस्त पट्टी कापत नाही आणि छापतही नाही. सुट्टीच्या दिवशी कधीतरी डब्यातून काढतो आणि खिडकीशी धरून बघतो. निगेटिव्हमध्ये चेहरा पांढरा, दात काळे, झेंड्याचा रंग ओळखू येत नाही. हे बघणंही न दिलेलं घेण्यात धरायचं का, ते त्याला कळत नाही. मलाही नाही. तुम्हाला काय वाटतं ते संपादकांच्या पत्त्यावर लिहून पाठवा.